जत्रेतल्या नाटकाची जुनी कॅसेट आणि मोबाइलचं रुंद शूटिंग: सगळं ४:३ मध्ये कसं बसवायचं?

वेशीवरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

बेळगाव तालुक्यात आमचं गाव. कडोली, उचगाव, येळ्ळूरची ग्रामीण साहित्य संमेलनं तुम्हाला ठाऊक असतीलच, तसंच एक लहानसं संमेलन आमच्याकडंही भरतं. यंदा उद्घाटनानंतर वीसेक मिनिटांची फिल्म दाखवायची ठरलीय, गावच्या जत्रेत रात्री व्हायच्या नाटकांवर. लॅपटॉपवर थोडीफार कापाकापी येते म्हणून काम माझ्याकडं आलं.

हाताशी काय आहे ते सांगतो. १९९४ च्या जत्रेतल्या नाटकाची व्हीएचएस कॅसेट मिळाली. ती शहरातून डिजिटल करून आणलीय, फाईल ७२० बाय ५७६ पिक्सेलची आहे. त्या नाटकात काम केलेले दोघे आज सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांना शाळेच्या कट्ट्यावर बसवून मोबाइलवर मुलाखत घेतली, काही १९२० बाय १०८० मध्ये, काही फोर-केमध्ये. म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण कॅसेटचं ४:३ आणि मुलाखतीचं १६:९. फिल्ममध्ये कॅसेटचाच भाग जास्त, साधारण दोन तृतीयांश.

दाखवायचं आहे हायस्कूलच्या प्रोजेक्टरवर. तो १०२४ बाय ७६८ चा आहे आणि पडदाही त्याच मापाचा. एडिटिंग शॉटकट नावाच्या सॉफ्टवेअरवर करतोय, लॅपटॉप जुना आहे, जड सॉफ्टवेअर ओढत नाही.

प्रश्न असा की मुलाखतीचं रुंद चित्र ४:३ मध्ये आणायचं कसं? काळ्या पट्ट्या ठेवायच्या, कडा कापायच्या की ताणून बसवायचं? भाचा म्हणतो, 'मामा, ताणून टाक, कोण बगतंय.' जाणकारांनी सांगावं.

निपाणी नाका

आमचं लग्नाचं मिक्सिंगचं काम, एडियस सॉफ्टवेअरवर. भाच्याचं बरोबर हाय बगा. पब्लिकला आवाज खणखणीत आला पायजे, चित्राकडं न्हाई कोण लक्ष देत. त्यातल्या लेआउटरमध्ये जाऊन ओढून बसवायचं, पाच मिनिटाचं काम. उगंच डोकं लावत बसू नका.

आणि आवाजाचं खरंच मनावर घ्या. मांडवात घुमतोय आवाज. लॅपटॉपचा थेट मिक्सरला जोडा, स्पीकरसमोर माइक धरू नका.

उगारची लेक

आवाजाबद्दल शंभर टक्के सहमत. ताणण्याबद्दल अजिबात नाही.

१६:९ चं चित्र ४:३ मध्ये कोंबलं की उंची तेवढीच राहते आणि रुंदी पाऊणच उरते. लग्नात हे खपून जातं, नवरी बारीक दिसली तर घरचे खूशच होतात. इथं मात्र तेच दोघं आधी १९९४ च्या कॅसेटमध्ये दिसणार, धडधाकट, योग्य आकारात, आणि पुढच्याच शॉटला मुलाखतीत पाव हिश्श्यानं आटलेले. समोर बसलेलं गाव त्यांना रोज बघतं. 'आजारी होता काय गा?' असं कोणीतरी मांडवात मोठ्यानं विचारणार हे नक्की.

ताणणं सोडलं तर वाटा तीन उरतात.

कापणं: १९२० मधून मधले १४४० ठेवायचे, डावीकडून २४० आणि उजवीकडून २४० पिक्सेल जातात. पडदा पूर्ण भरतो पण चित्राचा पाव भाग गमावता.

पट्ट्या: पूर्ण चित्र पाऊणपट करून बसवायचं. १४४० बाय १०८० च्या फ्रेममध्ये ते १४४० बाय ८१० होतं, वर-खाली १३५ पिक्सेल काळं राहतं.

मधला मार्ग: १४:९. टीव्ही चौकोनी होते आणि प्रक्षेपण रुंद व्हायला लागलं त्या काळात इंग्लंडमध्ये बीबीसीनं हे सर्रास वापरलं. दोन्ही बाजूंनी १२० पिक्सेल कापायचे आणि उरलेलं चित्र बारीक पट्ट्यांसह बसवायचं. तुमच्या फ्रेममध्ये पट्टी ७७ पिक्सेलची येते. एवढी पट्टी लोकांच्या ध्यानातसुद्धा येत नाही.

शॉटकटमध्ये 'साइझ, पोझिशन अँड रोटेट' नावाचा फिल्टर आहे. त्यात फिट, फिल आणि डिस्टॉर्ट असे तीन पर्याय दिसतील. फिट म्हणजे पट्ट्या, फिल म्हणजे कापणं, डिस्टॉर्ट म्हणजे भाच्याचा सल्ला.

पुणेस्थित

मूळचा शहापूरचा, सध्या पुण्यात. माझं मत उलटं आहे. २०२० नंतरच्या जगात ४:३ मध्ये फिल्म बनवणं म्हणजे मागं जाणं. प्रोजेक्ट १६:९ च ठेवा, कॅसेटच्या दोन्ही बाजूंना काळं सोडा. सगळे माहितीपट असंच करतात. उद्या यूट्यूबवर टाकाल, मोबाइलवर बघाल, तिथं सगळं रुंदच आहे. एका जुन्या प्रोजेक्टरसाठी मुलाखतीच्या कडा कशाला कापायच्या?

कॅम्पातला

@पुणेस्थित, नियम म्हणून तुमचं बरोबर आहे, पण हिशेब करून बघा.

प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८. त्यावर १६:९ ची फिल्म लावली की चित्र १०२४ बाय ५७६ मध्ये बसणार, वर-खाली ९६-९६ ओळी काळ्या. आता त्याच्या आत कॅसेटचा ४:३ चा भाग आला की त्याला जागा मिळते ७६८ बाय ५७६ एवढीच. म्हणजे चारही बाजूंनी काळी चौकट आणि मधे नाटक. क्षेत्रफळ काढलं तर पडद्याचा ५६ टक्के भाग वापरात, ४४ टक्के काळोख. आणि हे फिल्मच्या दोन तृतीयांश वेळ! आधीच व्हीएचएस, त्यात रुंदीला जेमतेम २४० रेषांइतका तपशील. मागच्या रांगेतल्या आजीला नाटकातला राजा ओळखू येणार नाही.

साहित्य बहुतांश ४:३ आणि पडदाही ४:३, मग फिल्म ४:३ च असावी. यात मागास काही नाही. मूकपटांच्या काळापासून पन्नासच्या दशकापर्यंत सिनेमा साधारण याच आकाराचा होता. दूरदर्शन १९५९ ला सुरू झालं तेही याच आकारात.

अवांतर: १६:९ हा आकडा कुणा दिग्दर्शकानं नजरेनं ठरवलेला नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स नावाच्या अभियंत्यानं तेव्हा प्रचलित असलेल्या सगळ्या आकारांच्या चौकटी एकमेकींवर ठेवून काढलेली ती तडजोड आहे. ४:३ आणि रुंद सिनेमाचा २.३५:१ यांचा भूमितीय मध्य काढा, १.७७ येतो.

पुणेस्थित

५६ टक्क्यांचा हिशेब पटला. प्रोजेक्टर ४:३ चा आहे हे मी वाचलं होतं, पण चारही बाजूंनी काळं येईल हे डोळ्यांसमोर आलं नाही. फिल्म ४:३ करा. तरी एक सांगतो, मुलाखत सरसकट मधून कापू नका. कट्ट्यावर दोघं बसलेत म्हणजे एक डावीकडं, एक उजवीकडं असणार.

वेशीवरचा

अगदी हेच झालंय! फिल लावून बघितलं. दोघं कट्ट्याच्या दोन टोकांना बसलेत, मधे तांब्या-भांडं आणि नाटकाचं जुनं हँडबिल. मधून कापलं की डावीकडच्या तात्यांचा अर्धा फेटा जातो, उजवीकडच्या मामांचा एक कान आणि काठी जाते. मधला तांब्या तेवढा झकास दिसतो.

फिट लावलं तर दोघं दिसतात, पण कॅसेटचं मोठं चित्र संपून एकदम बारकी पट्टी येते, ते डोळ्याला खुपतं. काय करावं?

कॅम्पातला

तांब्याची मुलाखत! 😄

हा प्रश्न सॉफ्टवेअर सोडवणार नाही, शॉट बघून तुम्हालाच ठरवावं लागेल. माणसामागं चौकट आपोआप सरकवणारी सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते: प्रीमियरमध्ये २०१९ पासून ऑटो रिफ्रेम आहे, रिझॉल्व्हच्या पैसेवाल्या आवृत्तीत स्मार्ट रिफ्रेम आहे. एकटा माणूस चालत असेल तर ते बरं काम करतात. दोन माणसं दोन टोकांना असली की कुणाकडं बघायचं हे त्या बिचाऱ्यांना कळत नाही, चौकट उगाच इकडून तिकडं सरकत राहते.

फोर-केमध्ये घेतलेला भाग तुम्हाला वाचवणार आहे. ३८४० बाय २१६० मधून तुमची १४४० बाय १०८० ची चौकट थेट कापता येते, काहीही न फुगवता. म्हणजे एकाच शॉटमधून तात्यांचा वेगळा क्लोज आणि मामांचा वेगळा क्लोज निघतो. तात्या बोलताना तात्या, मामा बोलताना मामा. दोन कॅमेरे लावले होते असंच वाटेल. फक्त कट वाक्याच्या शेवटी करू नका. दुसऱ्याचा पहिला शब्द सुरू झाला की मग कट करा, नाहीतर टेबल टेनिस होतं.

जो भाग साध्या १९२० मध्ये आहे तिथं एवढी मोकळीक नाही. तिथं फिल्टरमध्ये साइझ १९२० बाय १०८० ठेवा आणि फक्त पोझिशनचा पहिला आकडा बदला. उणे २४० ला चित्र मधोमध, शून्याला पूर्ण डावी बाजू दिसते, उणे ४८० ला पूर्ण उजवी. या मर्यादेबाहेर गेलात तर कडेला काळी चीर दिसेल.

कीफ्रेम (वेळेनुसार जागा बदलायच्या खुणा) लावून चौकट डावीकडून उजवीकडं सरकवायचा मोह होईल. टाळा. कॅमेरा स्थिर आणि चित्र मात्र सरकतंय, हे बघणाऱ्याला कळतं. सरकवण्यापेक्षा कट बरा. नाचतं लेझीम, पालखी, कुस्तीतली जोड असं आधीच हलणारं काही असेल तर हळू सरकवलेलं खपून जातं.

वेशीवरचा

दोघांनी मिळून नाटकातला एक प्रवेश म्हणून दाखवलाय. एकानं वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं उचलायचं. तीस वर्षांनी! एकजण बोलत असताना दुसरा ओठ हलवत असतो. तो दुर्दैवानं साध्या १९२० मध्ये आहे. तो कापायचा जीव होत नाही.

उगारची लेक

तो कापूच नका! तिथं पट्ट्या ठेवा आणि बिनधास्त ठेवा. अख्ख्या फिल्ममध्ये एकदाच चित्र रुंद होतं आणि त्यात दोघं एकत्र दिसतात, तर ते उलट शोभून दिसेल. खुपतं ते दर दोन मिनिटांनी पट्टी ये-जा करायला लागली की.

बाकी रुंद शॉट, म्हणजे गावाचं दृश्य, देऊळ, जत्रेची गर्दी वगैरे, ते १४:९ ला बसवा. त्यात जातं फार थोडं.

निपाणी नाका

पट्टी काळी कशाला? आमच्यात त्याच व्हिडिओची कॉपी मोठी करून धूसर करून मागं टाकतात. पडदा भरून जातोय.

उगारची लेक

लग्नाच्या हायलाइटला ठीक आहे हो दादा. इथं तात्या हळू आवाजात बोलत असताना त्यांच्याच फेट्याचा धूसर गोळा डोक्यावर हलणार. अंधाऱ्या मांडवात काळी पट्टी दिसतही नाही, धूसर हलतं ते मात्र लक्ष वेधून घेतं.

खानापुरी

एक वेगळा मुद्दा. सबटायटल्स देताय का? आमच्याकडं नंदगड भागात असा कार्यक्रम असला की निम्मे पाहुणे कन्नड बोलणारे असतात.

वेशीवरचा

हो, कन्नड सबटायटल्स द्यायची आहेत. गावात दोन्ही भाषा आहेत, शिवाय त्या नाटकात पेटी वाजवणारे कन्नड घरातलेच होते. मुलाखतीत नावाची पट्टी दोन्ही लिप्यांत करतोय, ती आधीच १६:९ च्या मापानं बनवून ठेवलीय.

खानापुरी

मग ती पट्टी पुन्हा करावी लागेल. १६:९ साठी डावीकडं लावलेलं नाव चित्र कापलं की अर्धं जाणार. क्रम लक्षात ठेवा, आधी चित्र कापा, मग त्यावर अक्षरं चढवा.

दुसरं, दोन लिप्या एकाखाली एक लावताना मराठी वर आणि कन्नड खाली ठेवा. कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली दुसरी अक्षरं, ओळीच्या खाली लोंबतात आणि मराठीच्या वेलांट्या-रफार ओळीच्या वर उडतात. कन्नड वर ठेवलंत तर दोन्ही मधल्या जागेत एकमेकांत अडकतात आणि कुणालाच धड वाचता येत नाही.

तिसरं म्हणजे मांडवातला पडदा. खाली खुर्च्या, पुढच्या रांगेत फेटे-टोप्या आणि उभी राहिलेली पोरं. पडद्याचा अगदी तळाचा भाग मागच्यांना दिसतच नाही. सबटायटल अगदी तळाला लावू नका, जरा वर घ्या. जुन्या टीव्हीवाल्यांचा नियम होता की अक्षरं चौकटीच्या मधल्या ८० टक्क्यांत ठेवायची. तेव्हाचे टीव्ही कडा खायचे म्हणून तो होता, तुम्हाला तो डोक्यांसाठी उपयोगी पडेल.

कॅम्पातला

यात भर. त्या दोघांच्या प्रवेशाला जिथं पट्ट्या ठेवणार आहात, तिथं चित्र बरोबर मधोमध ठेवायची गरज नाही. वर ९० आणि खाली १८० सोडा. खालच्या पट्टीत कन्नडच्या दोन ओळी ऐसपैस बसतात आणि चेहऱ्यावर अक्षरं येत नाहीत.

वेशीवरचा

भारी कल्पना. पण आता नवीनच भानगड झालीय. शॉटकटमध्ये कस्टम व्हिडिओ मोड केला, १४४० बाय १०८० टाकलं. फिल लावलं तरी मोबाइलचं चित्र कापलंच जात नाही, सगळंच्या सगळं दिसतं. उलट कॅसेटच्या दोन्ही बाजूंना काळं यायला लागलंय. भाचा शेजारी बसून हसूलालाय.

उगारची लेक

रिझोल्यूशनच्या खाली आस्पेक्ट रेशोची वेगळी चौकट आहे, ती बघा. तिथं १६:९ च राहिलंय.

१४४० बाय १०८० या आकड्यात एक मेख आहे. पिक्सेल चौरस धरले तर तो बरोबर ४:३. पण हेच आकडे एचडीव्ही टेपच्या कॅमेऱ्यांत १६:९ साठी वापरायचे, तिथला प्रत्येक पिक्सेल उंचीच्या १.३३ पट रुंद धरलेला असतो. त्यामुळं सॉफ्टवेअरला नुसते आकडे पुरत नाहीत, चौकटीचं प्रमाणही सांगावं लागतं. प्रीमियर-एडियसवाल्यांनीही एचडीव्हीचं तयार प्रीसेट उचलू नये. पिक्सेल आस्पेक्ट १.०, म्हणजे पिक्सेल चौरस, असल्याची खात्री करावी.

कॅसेटच्या फाईललाही हेच लागू. ७२० ला ५७६ नं भागलं तर १.२५ येतं, १.३३ नाही. त्या क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रमाण ४:३ करून घ्या, नाहीतर नाटकातली माणसं किंचित उभट दिसतील.

वेशीवरचा

झालं! दोन्ही जागी ४:३ केल्यावर सगळं जागेवर आलं. धन्यवाद ताई.

कॅसेटबद्दल अजून दोन शंका. पात्रानं हात हलवला की हाताला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. आणि अगदी तळाला एक पांढुरकी पट्टी सारखी थरथरते. कॅसेट खराब आहे का?

कॅम्पातला

कॅसेट चांगली आहे. आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत, सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, एकदा सम ओळी आणि एकदा विषम, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. जुन्या टीव्हीला ते चालायचं. आताच्या पडद्यावर दोन्ही हप्ते एकदम दिसतात आणि मधल्या वेळात हात हलला असेल तर त्या रेषा येतात. डीइंटरलेस करावं लागेल, म्हणजे दोन हप्ते जुळवून सलग चित्र करायचं. शॉटकट बहुतेक वेळा स्वतःच करतं, फक्त क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये स्कॅन मोड 'प्रोग्रेसिव्ह' पडलेला नाही ना ते बघा. वरची ओळ आधी की खालची, हेही तिथंच असतं. ते उलटं लागलं तर हालचाल पुढं-मागं झटके खाते, लगेच कळतं.

तळाची थरथर व्हीसीआरचं हेड बदलताना येते. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागं ती लपायची. चित्र दोन-तीन टक्के मोठं करून जरा खाली सरकवा, पट्टी फ्रेमबाहेर जाईल. कडेच्या काळ्या किनारीही त्यातच जातील.

कंगव्याच्या रेषा काढायचं काम चित्राचा आकार बदलायच्या आधी करा. रेषा असलेलं चित्र आधी मोठं केलं तर त्या रेषा चित्रात कायमच्या मुरतात.

प्रोजेक्ट २५ फ्रेमचा ठेवा. मोबाइल ३० च्या आसपास घेतो आणि तेही कमी-जास्त होत राहतं, त्यामुळं लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज यांची फारकत होते. फाईल आत घेताना शॉटकट 'एडिट-फ्रेंडली करू का' असं विचारतं, तिथं हो म्हणा. जागा खातं, पण नंतरचा त्रास वाचतो.

चंदगडी

आम्ही हद्दीच्या पलीकडचे, पण नाटकाचं वेड तेच. जत्रेच्या नाटकाला नटी बाहेरून आणायची आणि बाकी सगळे गावातले, अशी पद्धत आमच्याकडंही होती. तुमच्या कॅसेटमध्ये कोण आहे?

विषयाला धरून: हल्ली मांडववाले प्रोजेक्टरऐवजी एलईडी वॉल लावतात. कमिटीनं ऐनवेळी ती ठरवली तर? आमच्या तालुक्यात एका कार्यक्रमात वॉलवाल्यानं आलेलं चित्र सरळ पूर्ण भिंतीवर ताणून टाकलं. सत्कारमूर्ती ओळखू येईनात.

निपाणी नाका

वॉलचं मी सांगतो, रोजचं काम हाय. भाड्याचे पॅनल बहुतेक ५०० बाय ५०० मिलिमीटरचे चौरस असतात. ३.९१ पिचचा (दोन पिक्सेलमधलं अंतर ३.९१ मिलिमीटर) पॅनल असला तर त्यात १२८ बाय १२८ पिक्सेल. तुम्ही वॉलवाल्याला आडवे ८ आणि उभे ६ लावायला सांगा. भिंत होते ४ मीटर बाय ३ मीटर, आणि पिक्सेल मोजा, १०२४ बाय ७६८! तुमच्या प्रोजेक्टरचंच माप. ४:३ ची फिल्म कट टू कट बसते.

ताणायचं काम वॉलच्या प्रोसेसरच्या डब्यात होतंय. लॅपटॉपमधून १०२४ बाय ७६८ सोडा आणि 'पूर्ण भिंतीला ओढू नको, आहे तसं सोड' म्हणून आधीच सांगून ठेवा. हे लोक कार्यक्रमाच्या वेळी जेवायला गेलेले असतात.

आणि ताई, तुमचं त्या ताणण्याबद्दलचं पटलं हो. लग्नातसुद्धा नवरी बारीक होते तसा नवराही होतोय, हे कधी ध्यानात घेतलं न्हवतं 😀

उगारची लेक

😀

@वेशीवरचा, प्रोजेक्टर असो की वॉल, एक तपासणी आदल्या दिवशी नक्की करा. घरातली गोल थाळी भिंतीला टेकवून, मोबाइल अगदी समोर धरून तिचा पाच-दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि बाकीच्या शॉट्ससारखाच कापून फिल्मच्या शेवटी जोडा. पडद्यावर लावा आणि शिंप्याच्या टेपनं थाळीची रुंदी आणि उंची मोजा. दोन्ही सारख्या आल्या तर कुठंही काही ताणलं जात नाहीय. रुंदी उंचीच्या पाऊणपट आली तर १६:९ चं ४:३ मध्ये कोंबलं गेलंय. सव्वापटीहून थोडी जास्त आली तर उलटं. नुसत्या डोळ्यांनी पाच-सात टक्के फरक कळत नाही, टेपला कळतो. काम झालं की तो तुकडा काढून टाका.

कॅम्पातला

थाळीची युक्ती झकास. फरक आलाच तर कुठं बघायचं तेही सांगून ठेवतो.

आधी लॅपटॉप. बहुतेक जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ असतो. डिस्प्ले 'डुप्लिकेट' केला की तेच माप प्रोजेक्टरला जातं आणि तो त्याला आपल्या ४:३ मध्ये चेपतो. 'एक्स्टेंड' करा आणि प्रोजेक्टरसाठी १०२४ बाय ७६८ निवडा. मग प्रोजेक्टरच्या मेनूत आस्पेक्ट बघा, कुणीतरी १६:९ करून ठेवलेलं असतं, ते ऑटो किंवा ४:३ करा. शेवटी प्लेअर: व्हीएलसीमध्ये 'ए' ची कळ चुकून दाबली गेली तरी चित्राचं प्रमाण बदलतं आणि 'सी' दाबली तर कापलं जातं. डिफॉल्ट येईपर्यंत तीच कळ दाबत राहा.

पुणेस्थित

यूट्यूबवर टाकताना १६:९ ची वेगळी फाईल करायच्या भानगडीत पडू नका. ४:३ ची फाईल आहे तशीच चढवा, काळं जे लागेल ते प्लेअर स्वतः लावतो. तुम्ही बाजूचं काळं फाईलमध्येच भरून दिलंत तर चौकोनी टॅब्लेटवर पुन्हा चारही बाजूंनी काळं येईल.

मुलाखतीच्या मूळ रुंद फाईली मात्र जपून ठेवा. नाटक बाजूला ठेवून नुसती त्या दोघांची वेगळी फिल्म कधी करावीशी वाटली तर ती १६:९ मध्ये होईल.

खानापुरी

आणि अजून कुणाची मुलाखत बाकी असेल तर शूटिंगलाच काळजी घ्या. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्राच्या दोन्ही कडांपासून रुंदीच्या एक अष्टमांशावर कागदी चिकटपट्टीची उभी रेघ लावा. माणूस त्या दोन रेघांच्या आत राहिला की नंतर कापताना काही जात नाही. काही मोबाइलमध्ये ओपन कॅमेरासारखं ॲप टाकलं तर थेट १४४० बाय १०८० मध्येही व्हिडिओ घेता येतो, तुमच्यात आहे का बघा. सेन्सर तसाही बहुतेक ४:३ चाच असतो, व्हिडिओला वरचं-खालचं वगळून तो १६:९ करतो.

वेशीवरचा

पेटीवाल्या काकांच्या मुलाची मुलाखत राहिलीय, ती असंच पट्ट्या चिकटवून घेतो.

आतापर्यंत ठरलेलं: फिल्म ४:३. फोर-केच्या भागातून तात्या-मामांचे वेगवेगळे क्लोज काढलेत, छान जमतायत. देऊळ आणि वेशीचे शॉट १४:९. दोघांचा प्रवेश पूर्ण रुंद, खाली कन्नड. कमिटीला वॉल हवी असेल तर आठ बाय सहा पॅनल, असं लिहूनच दिलंय. थाळीचं शूटिंग भाच्याकडं सोपवलंय.

@चंदगडी, कॅसेटमधली नटी कोण ते तात्यांना आठवत नाही आणि मामांना आठवतं पण सांगत नाहीत. मुलाखतीत तो भाग आहे, ठेवणार आहे.

एक शेवटची शंका. एक्स्पोर्ट केलेली फाईल पेनड्राइव्हवर जात नाहीय, जागा भरपूर आहे तरी.

निपाणी नाका

पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असणार. त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल बसत न्हाई. एक्सफॅटला फॉरमॅट करा, आतलं आधी काढून घ्या. पण वीस मिनिटाची फिल्म ४ जीबीच्या वर गेली कशी? बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, लई ठेवलाय बगा. एच-२६४ ला ८-१० एमबीपीएस केलं तर दीड जीबीत बसते, आणि जुना लॅपटॉप मधेच अडकत न्हाई. दोन पेनड्राइव्हवर घ्या, एक वॉलवाल्याकडं आधीच द्या.